कितोतले पहिले दिवस: आधी दम खा, मग चढा

इक्वेडोरच्या राजधानीत, म्हणजे कितोत उतरल्यावर पहिल्या दिवशी काय पाहावं? हॉस्टेलचा पलंग. थट्टा नाही, शहर २८५० मीटर उंचीवर आहे आणि आपलं कळसूबाई १६४६. आमच्या भूगोलाच्या गटात सुट्टी मिळाली की सह्याद्रीत पळणारी मंडळी होती. बॅगा घेऊन जिना चढताना पहिली धाप त्यांनाच लागली! विरळ हवा कोणाचा स्टॅमिना बघत नाही. रात्री डोकं ठणकतं, झोप तुटते, भूक मरते. पाणी भरपूर प्या, जेवण हलकं ठेवा, दारूला सुट्टी द्या. एक-दोन दिवसांत बहुतेकजण ताळ्यावर येतात. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

म्हणून फिरण्याचा क्रम उंची बघून लावायचा.

सुरुवात जुन्या शहरापासून. १९७८ साली युनेस्कोची जागतिक वारशाची पहिली यादी निघाली, त्यात हे आहे. मेट्रोने सान फ्रान्सिस्को स्टेशनला उतरलात की थेट चौकात बाहेर पडता. आम्ही गेलो तेव्हा तिकीट ४५ सेंट होतं. ला कोम्पान्यिआ चर्च चुकवू नका. आतून भिंती, खांब, छत सगळीकडे सोन्याचा वर्ख. पाच मिनिटांत डोळे दिपतात आणि, खरं सांगायचं तर, थकतातही. मला समोरच्या चौकात बसून माणसं बघणं जास्त आवडलं.

दुसरा दिवस विषुववृत्ताला द्या. ‘मिताद देल मुंदो’ हे विषुववृत्ताच्या स्मारकाचं ठिकाण शहराच्या उत्तरेला आहे आणि कितोपेक्षा काहीशे मीटर खाली, त्यामुळे शरीरालाही आराम. तिथल्या स्मारकाजवळच्या पिवळ्या रेघेवर दोन्ही गोलार्धांत एकेक पाय ठेवून फोटो काढायला झुंबड असते. आम्हीही काढले. मग फोनवर जीपीएस लावला, तर अक्षांश शून्य होईना! खरं विषुववृत्त रेघेच्या उत्तरेला साधारण २४० मीटरवर आहे. जवळच्या खासगी संग्रहालयात रेघेच्या या बाजूला आणि त्या बाजूला बेसिनमधलं पाणी उलटसुलट फिरून दाखवतात. मजा घ्या, पण पाण्याकडे नाही, पाणी ओतणाऱ्याच्या हाताकडे बघा. बेसिनएवढ्या पाण्यावर पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम दिसण्याइतका होतच नाही. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे १७३६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ या भागात रेखावृत्ताचा एक अंश मोजायला आले होते. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी की विषुववृत्तापाशी, हा वाद मिटवायला. चपटी ध्रुवांकडे निघाली. हवा गार म्हणून टोपी विसरू नका, इथलं ऊन चामडी सोलतं.

खाण्याचं. दुपारी ‘अल्मुएर्सो’ मागा: सूप, भाताचं ताट आणि ताजा रस, थोडक्या डॉलरांत. लोक्रो दे पापा म्हणजे बटाट्याचं दाट, पिवळसर सूप, त्यात चीजचे तुकडे आणि वर अ‍ॅव्होकॅडोची फोड. टेबलावरची ‘अही’ मिरचीची चटणी घातली की आपल्या जिभेला बरं वाटतं. शाकाहारींनी नुसतं ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही. चिकन, मासे, हॅम वेगवेगळं नाकारा, आणि सूप कशाच्या पाण्यात शिजलंय तेही विचारा.

चलन अमेरिकन डॉलरच, २००० सालापासून. पण पन्नास-शंभरची नोट कोणी हातात धरत नाही. एक, पाच, दहाच्या नोटा घेऊन जा.

बासिलिका या मोठ्या चर्चचे मनोरे तिसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकतात. बाहेरच्या भिंतींवर राक्षसांऐवजी इग्वाना, कासवं, आर्माडिलो कोरलेत. वर जायला आधी छताच्या पोकळीतून लाकडी फळ्यांची वाट, मग उभी शिडी. उंचीची भीती असेल त्यांनी खालीच कॉफी घ्यावी. पानेसियोच्या टेकडीवर मात्र चालत जाऊ नका, टॅक्सी करा. अंधार पडल्यावर रस्त्यात फोन काढू नका.

केबल कार सगळ्यात शेवटी. ती पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावर ३९०० मीटरच्या पुढे नेते. सकाळी लवकर जा, दुपारी ढग येतात आणि तिकिटाचे पैसे धुक्यात जातात. तिथून रुकू पिचिंचा शिखराकडे जाणाऱ्या पायवाटेवर एकट्याने जाऊ नये.

निघण्यापूर्वी पीतज्वराची (यलो फीव्हर) लस किमान १० दिवस आधी घ्या. कितोत उंचीमुळे तो धोका नाही, पण पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत इक्वेडोर आहे. परतताना लसीचं प्रमाणपत्र नसेल तर आपल्या विमानतळावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कागद चेक-इनच्या बॅगेत नको, हातातल्या बॅगेत ठेवा.