उणे

इंदूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारची उपासना हिंदीत होते आणि घरी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीत वाचले जाते, त्यामुळे त्यातले तेविसावे स्तोत्र मला लहानपणापासून दोन्ही भाषांत पाठ आहे. उपासनेत "यहोवा मेरा चरवाहा है, मुझे कुछ घटी न होगी" हे शब्द कानांवर पडतात, तेव्हा मनात आईच्या आवाजातली ओळ उमटते: "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही."

हा 'उणे' शब्द आमच्या घरात आणखी एका ठिकाणी होता. बाबा गेल्यावर आई शिवणकाम करून घर चालवीत असे. महिनाअखेरीस ती लांबट वहीत दूध, रॉकेल, सियागंजातून आणलेले धान्य आणि आमच्या शाळेची फी यांचा हिशेब मांडी आणि तळाशी लिही: उणे ४०, उणे ६५. सातवीत असताना मी तिला विचारले की वहीत दर महिन्याला उणे येते, मग स्तोत्र खोटे आहे का? ती रागावली नाही. "चौथ्या वचनापर्यंत वाच, मग बोल," एवढे म्हणून ती पुन्हा मशीनवर बसली.

त्या उत्तराचा अर्थ लागायला मला बरीच वर्षे लागली. मूळ हिब्रूत 'उणे पडणार नाही' इथे जे क्रियापद आहे, तेच पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात इस्राएलाच्या चाळीस वर्षांच्या रानातल्या प्रवासाविषयी आले आहे: परमेश्वर तुझ्याबरोबर होता, तुला काही उणे पडले नाही. त्या रानात तहान होती, कुरकुर होती, आणि मान्ना, म्हणजे देवाने रानात दिलेले अन्न, रोज त्या दिवसापुरताच मिळत होता. साठवून ठेवला तर त्यात किडे पडत. म्हणजे हे वचन भरलेल्या कोठाराविषयी नाही, सोबतीविषयी आहे, असे मला ठामपणे वाटते, आणि विश्वास ठेवला की पैसा येतो, असे या ओळीवरून कोणी शिकवू लागले की मला वेदना होतात.

चौथ्या वचनात जे घडते ते व्याकरणात दिसते. कुरणात आणि संथ पाण्याजवळ स्तोत्रकर्ता दावीद देवाला 'तो' म्हणतो. मृत्युच्छायेच्या दरीत पाऊल पडताच तो 'तू' म्हणू लागतो. देवाविषयी बोलणे थांबते आणि देवाशी बोलणे सुरू होते. पुढच्याच वचनात हिंदीत 'मेज' आहे, तिथे मराठीत देव शत्रूंच्या देखत 'ताट' वाढतो. या एका शब्दासाठी मी मराठी भाषांतरकारांची मनापासून ऋणी आहे.

उपासनेत हे स्तोत्र निघाले की मंडळी हिंदीत म्हणते आणि मी ओठांतल्या ओठांत मराठीत म्हणते. दोन्ही पाठ एकमेकांपासून जरा मागेपुढे चालतात. चौथ्या वचनात मात्र मी क्षणभर थांबते, मंडळीला गाठू देते, आणि 'तू' हा शब्द आम्ही सगळे एकदम उच्चारतो.