पाटीवर नाव काय लिहायचं?

संग्रहालयात जीवाश्म साफ करणं आणि पाट्या लिहिणं ही माझी कामं. गेल्या महिन्यात वरोरा तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं फार पूर्वी दिलेला डायनोसॉरच्या शेपटीचा मणका पुन्हा माझ्या टेबलावर आला. कुणीतरी त्याच्यावर व्हार्निश फासलं होतं. जीवाश्माला व्हार्निश लावणाऱ्यांवर माझा खरंच राग आहे. ते पिवळं पडतं आणि हाडाची सगळी ठेवण झाकून टाकतं. कापसाच्या बोळ्यानं ॲसिटोन टिपत, दातांच्या डॉक्टरकडे असते तसल्या टोकदार सुईनं खळग्यातली लाल माती उकरत चार दिवस गेले. मग तो सांधा दिसला: पुढच्या बाजूला खोल वाटी, मागच्या बाजूला गुळगुळीत गोळा. प्रत्येक मणक्याचा गोळा त्याच्या मागच्याच्या वाटीत.

जुन्या पाटीवर नाव होतं, ‘टायटनोसॉरस इंडिकस’. ते मला खोडावं लागलं.

कर्नल स्लीमन म्हणून पुढे ठगांच्या बंदोबस्तासाठी गाजलेल्या माणसाला 1828 मध्ये जबलपूरला हाडं मिळाली. त्यातल्या शेपटीच्या दोन मणक्यांवरून 1877 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लायडेकरनं हे नाव दिलं. तेव्हा वाटी-गोळ्याचा सांधा ही नवलाईची खूण होती. पुढे अर्जेंटिना, मादागास्कर, युरोप, सगळीकडे तसलेच मणके निघाले आणि टायटनोसॉरसच्या नावावर 14 प्रजाती जमल्या. विल्सन आणि अपचर्च या जीवाश्मतज्ज्ञांनी 2003 मध्ये सगळ्या तपासल्या. एका प्राण्याची म्हणून मानलेली खूण अख्ख्या गोतावळ्याची निघाली; मूळ दोन मणक्यांत वेगळं असं काही उरलं नाही. नाव संदिग्ध ठरलं. कुळाचं नाव प्रजातीच्या नावावरून नव्हे, वंशाच्या, म्हणजे जोडनावातल्या पहिल्या शब्दाच्या, नावावरून पडतं. तो वंशच डळमळल्यावर ‘टायटनोसॉरिडी’ हे कुळही वापरू नये, असं त्यांनी सुचवलं. ‘टायटनोसॉरिया’ हा मोठा गट मात्र टिकला.

याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या सांगाड्याला 1997 मध्ये ‘टायटनोसॉरस कोलबर्टी’ म्हटलं होतं. त्याच्या हाडांत स्वतःच्या खुणा भरपूर, म्हणून तो ‘इसिसॉरस’ होऊन तरला. आमच्या एकट्या मणक्याला ती सोय नाही. मी लिहिलं: ‘टायटनोसॉर, शेपटीचा मणका. प्रजाती ठरवता येत नाही.’

वरिष्ठ म्हणाले, “लोक नाव वाचायला येतात. इसिसॉरस लिहून टाका, जवळच तर सापडलाय.” मी नाही लिहिलं. गाव जवळ आहे म्हणून प्राणी तोच, हा तर्क मला आजही पटत नाही.

पाटी लावली त्याच आठवड्यात ते शेतकरी नातवाला घेऊन आले. काचेपाशी बराच वेळ उभे राहिले.

“याचं नाव काऊन काढलं जी?”

मी मणका बाहेर काढून त्यांचं बोट वाटीत फिरवलं, गोळ्यावर फिरवलं, सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हनजे घरानं मालूम हाय, मानूस मालूम नाही.”

त्यांचं वाक्य माझ्या पाटीपेक्षा सरळ आहे. पण पोरगा गप्प होता. शाळेत तो ‘इंडिकस’ म्हणून सांगून आला होता. त्याच्यासाठी मी नोंदवही काढली. आमच्याकडे जुनं नाव पुसत नाहीत, एक रेघ मारून शेजारी तारीख आणि सही करतात. रेघेखालचं नाव त्यानं अक्षर अक्षर लावून वाचलं, आणि विचारलं, “अजून हाडं सापडली तर?”

शेरा या रकान्यात मी वावराचा गट क्रमांक लिहून घेतला.