अर्ध्या तासात रावस, भाजलेला अननस आणि पुदिन्याचं वाटण

अननस आणि मासा एकत्र मुरवत ठेवू नका. कच्च्या अननसात ब्रोमेलेन असतं आणि ते माशातली प्रथिनं तोडतं. तुकडे कडेने पिठूळ होतात, मग उलटताना तव्यावरच त्यांचा चुरा होतो. ताप लागला की ब्रोमेलेन निकामी होतं, म्हणून अननस वेगळा भाजायचा आणि दोघांची गाठ ताटातच घालायची. डब्यातल्या अननसाला ही भीती नाही, पण पाकामुळे तो लवकर करपतो. वाशीच्या फळबाजारामुळे नवी मुंबईत ताजा अननस सहज मिळतो, तेव्हा डबा कशाला?

तिघांसाठी अर्धा किलो रावस घ्या. बेलापूरच्या दिवाळे गावातल्या बाजारात मावशींना बोटभर जाड, कातडीसकट तुकडे करायला सांगा. पातळ काप आत शिजेपर्यंत बाहेरून वाळून जातात. कल्ले लालभडक हवेत आणि बोटाने दाबलेली जागा लगेच वर यायला हवी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा तळ्यातला जिताडा याच रीतीने उत्तम होतो.

आधी भाताचा कुकर लावा. माशाला पाऊण चमचा मीठ, पाव चमचा हळद आणि थोडी मिरपूड लावून दहा मिनिटं ठेवा. लिंबू आत्ता नको, आंबटाने वरचा थर आधीच घट्ट आणि कोरडा होतो. तेवढ्यात मूठभर कोथिंबीर, पंधरा-वीस पुदिन्याची पानं, दोन हिरव्या मिरच्या, तीन लसूण पाकळ्या आणि चवीपुरतं मीठ जाडसर वाटा. पाणी एखादा चमचाच.

बिडाचा तवा चांगला तापवा. एक ढोबळी मिरची आणि चार-पाच पातीचे कांदे मोठे चिरून, थोड्या तेलात मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतून काढा. त्यांचा करकरीतपणा राहू द्या.

आता मासा. मीठ लावल्यावर सुटलेलं पाणी स्वच्छ फडक्याने टिपून घ्या. बहुतेकांचा मासा चिकटतो तो इथेच, ओल्या तुकड्यामुळे. तव्यात एक मोठा चमचा तेल घालून कातडीची बाजू खाली ठेवा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. खालून कुरकुरीत झाला की तुकडा स्वतःहून सुटतो. ओढावा लागत असेल तर वेळ झालेली नाही. उलटून दोन मिनिटं. मधोमध सुरीचं टोक घालून पाहा, मांस पांढरं होऊन पाकळ्या सुटत असतील तर लगेच उतरवा. वर पांढरे थेंब भराभर येऊ लागले तर आच जास्त झाली किंवा वेळ.

अननसाच्या सेंटिमीटरभर जाड सहा फोडी त्याच तव्यात शेवटी, दोन्हीकडून दीड-दीड मिनिटं. आधी भाजल्या तर त्यांची साखर तव्याला धरते आणि मासा तिथेच अडकतो.

गॅस बंद करून भाज्या परत तव्यात घाला, वाटण आणि चमचाभर लिंबाचा रस मिसळा. आचेवर पुदिना काळा पडतो, कोथिंबिरीचा वासही उडतो. ताटात भात, त्यावर भाज्या, शेजारी अननस आणि मासा कातडी वर करून ठेवा, म्हणजे ती कुरकुरीत राहते.