दम्याच्या ट्रायलमध्ये मी कुठे अडकले

दम्यावरच्या नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये भाग घ्यायचा विचार असेल, तर पहिल्या तपासणीला जाण्याआधी केंद्राकडून एका प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. माझे दोन्ही पंप, म्हणजे धाप लागल्यावर घ्यायचा (रिलिव्हर) आणि रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, तपासणीआधी किती तास बंद ठेवायचे? तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नका. हे उत्तर मला वेळेत मिळालं असतं तर माझे कित्येक आठवडे वाचले असते. राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणूनच हे लिहायला घेतलं.

माझा दमा लहानपणापासूनचा. सर्दी झाली की ती छातीत उतरणार, मग घरघर, रात्री उशा रचून बसणं आणि शेवटी स्टिरॉइडच्या गोळ्या. रोजचा पंप न चुकता घेऊनही वर्षातून दोनदा तरी गोळ्यांचा कोर्स लागायचाच. रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरमागे ३०० च्या वर निघाल्या तेव्हा माझ्या डॉक्टरांनी सांगितलं, की अशा रुग्णांसाठी त्वचेखाली द्यायच्या एका इंजेक्शनची चाचणी सुरू आहे, निकषांत बसता का ते बघा.

सुरुवातीचं सगळं भराभर झालं. रक्त, ईसीजी, औषधांची यादी. संमतीपत्र घरी नेऊन वाचू दिलं, हे फार बरं केलं. माझा धाकटा भाऊ ते वाचून अस्वस्थ झाला. त्याने २००१ साली अमेरिकेत घडलेली घटना काढून दाखवली. दम्याच्या संशोधनात सहभागी झालेल्या एका निरोगी तरुणीला हेक्झामेथोनियम हे रसायन श्वासावाटे दिलं गेलं आणि तिचा मृत्यू झाला. "ताई, तू विचार तर त्यांना," म्हणाला. मी विचारलं. ट्रायलच्या मुख्य डॉक्टरांनी वेळ देऊन सांगितलं, की या औषधाचे आधीचे टप्पे कोणते झाले, दुष्परिणाम काय दिसले, रात्री-अपरात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्याचा नेहमीच्या उपचारांवर परिणाम होत नाही, हेही त्या कागदावर स्पष्ट होतं. मग मी सही केली.

आणि मग स्पायरोमेट्रीला अडकले.

ज्यांनी ही तपासणी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. नाकाला चिमटा लावतात, छाती गच्च भरून श्वास घ्यायचा आणि नळीत एकदम पूर्ण जोराने सोडायचा, सोडतच राहायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली तो आकडा म्हणजे एफईव्ही-१. एकदा फुंकून भागत नाही. किमान तीन फुंकरी नियमात बसाव्या लागतात आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन एकमेकींपासून १५० मिलिलिटरच्या आत असाव्या लागतात. मोठ्या माणसाला साधारण आठ फुंकरींपर्यंत संधी देतात, कारण त्यापुढे माणूस थकतो आणि आकडे खालीच येत जातात. नंतर साल्ब्युटामॉल या श्वासनलिका उघडणाऱ्या औषधाचे चार पफ, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम, स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) देतात, पंधरा मिनिटं बसवतात आणि पुन्हा तेच सगळं.

ट्रायलची अट अशी होती, की औषधानंतर एफईव्ही-१ किमान १२ टक्के आणि किमान २०० मिलिलिटर वाढला पाहिजे. दोन्ही. श्वासनलिका आकसलेल्या आहेत आणि औषधाने त्या उघडतात, हे त्यातून सिद्ध होतं. दम्याची ती खूण आहे, हे मला मान्य आहे.

माझा आकडा २.१० लिटरवरून २.२९ वर गेला. वाढ १९० मिलिलिटर, म्हणजे ९ टक्के. दोन्ही अटी हुकल्या. टेक्निशियनने कागद छापला, कोऑर्डिनेटरने त्यावर नजर टाकली आणि म्हणाली, "तुम्ही स्क्रीन फेल आहात." म्हणजे निवडीच्या तपासणीत नापास. एवढंच. जन्मभर ज्या आजाराने मला रात्री बसून काढायला लावल्या, तो माझ्यात पुरेसा दिसला नाही, असं मला फॉर्म सांगत होता. का दिसला नाही, हे विचारल्यावर "प्रोटोकॉल आहे", म्हणजे ट्रायलची ठरलेली नियमावली, यापलीकडे उत्तर मिळालं नाही. ज्यांच्या हाती ते उत्तर होतं ते डॉक्टर त्या दिवशी नव्हते, आणि फोन करते म्हणालेल्या कोऑर्डिनेटरचा फोन आला नाही.

घरी येऊन मी सूचनांचा कागद पुन्हा वाचला. "तपासणीआधी सहा तास रिलिव्हर घेऊ नये. नेहमीची औषधं चालू ठेवावीत." मी तंतोतंत तसंच केलं होतं. रिलिव्हर घेतला नव्हता आणि सकाळी रोजचा पंप घेतला होता. रोजच्या पंपात माझं स्टिरॉइड तर आहेच, पण त्यासोबत फॉर्मोटेरॉलही आहे, आणि फॉर्मोटेरॉल हे श्वासनलिका उघडणारंच औषध आहे, फक्त त्याचा असर बारा तास टिकतो. म्हणजे यंत्रासमोर बसले तेव्हा माझ्या नलिका आधीच बऱ्यापैकी उघडलेल्या होत्या. वरून साल्ब्युटामॉल दिलं तरी ते अजून किती उघडणार? स्पायरोमेट्रीच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मानकांत अशा दिवसातून दोनदा घ्यायच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधांसाठी २४ तासांचं अंतर दिलेलं आहे, दिवसातून एकदाच घ्यायच्या प्रकारांसाठी ३६ तासांचं. साल्ब्युटामॉलसाठी चार ते सहा तास. त्या कागदावर यातलं एकच वाक्य उतरलं होतं आणि दुसरं गायब होतं.

इथे मधेच एक गोष्ट, कारण ती राहून गेली तर कुणाला त्रास होईल. पंप बंद ठेवायचा तो केंद्राने सांगितलेल्या वेळेपुरताच, आणि त्या काळात धाप लागली तर रिलिव्हर लगेच घ्यायचा. तपासणीची तारीख पुढे ढकलता येते. अंगावर काढून त्या खुर्चीपर्यंत पोचण्यात काही शौर्य नाही, आणि चांगलं केंद्र अशा वेळी एका शब्दानेही बोलत नाही.

मी मुख्य डॉक्टरांना ईमेल लिहिली. माझ्या पंपाचं नाव, सकाळी घेतल्याची वेळ, सूचनांच्या कागदाचा फोटो आणि दोन आकडे. रागाचा एकही शब्द त्यात घातला नाही, आणि त्यामुळेच ती ईमेल कामी आली असं मला वाटतं. त्यांचा फोन आला. त्यांनी कागदात त्रुटी असल्याचं मान्य केलं आणि सांगितलं, की प्रोटोकॉलमध्ये पुन्हा एकदा तपासणी करायची मुभा आहे. ही मुभा आहे हे कोऑर्डिनेटरने मला आपणहून सांगायला हवं होतं. बहुतेक जण "फेल" ऐकून घरी जात असतील आणि परत फिरकत नसतील.

फोनवर मी त्यांना विचारलं, की इतक्या अटी कशाला? त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर शोधून वाचलं, आणि ते पटलं. मेपोलिझुमॅब हे इओसिनोफिलवर काम करणारं इंजेक्शन. २००० आणि २००७ साली छापून आलेल्या त्याच्या चाचण्यांत रुग्णांना म्हणावा तसा फायदा दिसला नाही आणि औषध जवळजवळ निकालात निघालं. त्या चाचण्यांत दम्याचे रुग्ण घेतले होते, पण कुणाच्या इओसिनोफिल जास्त आहेत हे पाहून निवडले नव्हते. २००९ साली दोन छोट्या अभ्यासांत असे रुग्ण निवडून घेतले आणि अटॅक स्पष्टपणे कमी झाले. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. औषध तेच होतं, फरक पडला तो रुग्णांच्या निवडीने. तेव्हा अटींबद्दल माझी तक्रार नाही.

पण अटी इतक्या घट्ट करत नेल्या की उरतं कोण, हाही प्रश्न आहेच. २००७ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात पाहिलं गेलं, की दम्याच्या मोठ्या चाचण्यांच्या निकषांत सर्वसामान्य दमेकऱ्यांपैकी किती जण बसतात. मध्यक (median) निघाला ४ टक्के. धूम्रपान केलेले, रिव्हर्सिबिलिटी, म्हणजे औषधाने नलिका उघडण्याचं प्रमाण, कमी दिसणारे, दुसरा आजार असलेले, असे सगळे गाळले जातात आणि मग निघालेलं औषध त्यांनाच लिहून दिलं जातं. त्यात वर सूचनांच्या चुकीच्या कागदामुळे माणसं गाळली जाणार असतील तर ते मला अजिबात मान्य नाही.

पुन्हा तपासणीची तारीख मिळाली आणि मला सर्दी झाली. श्वसनमार्गाचा संसर्ग झाला की तो बरा झाल्यावर चार आठवडे थांबायचं, अशी आमच्या ट्रायलची अट. त्यालाही कारण आहे. दम्याच्या बहुतेक अटॅकमागे विषाणू असतात आणि त्यात सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस सर्वांत पुढे. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये ९ ते ११ वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात दमा बळावला त्या ८० ते ८५ टक्के वेळा विषाणू सापडला होता. अशा संसर्गानंतर नलिका बराच काळ चिडलेल्या असतात, आकडे रोज वेगळे येतात, आणि औषधामुळे बरं वाटलं की सर्दी ओसरल्यामुळे, ते सांगता येत नाही. हे सगळं कळत होतं. तरी ते आठवडे जाता जाईनात. घरात कुणी शिंकलं की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. नवरा बाहेरून आला की आधी हात धुवायला पाठवायचे.

त्या सर्दीत एक गोष्ट मात्र वेळेवर सुचली. आमच्या ट्रायलमध्ये त्वचेवर टोचून ॲलर्जीची तपासणीही होती. हातावर धूलिकण, परागकण वगैरेंचे थेंब ठेवून टोचतात, पंधरा-वीस मिनिटांनी फुगवटा मोजतात. तुलनेसाठी टोचलेल्या सलाइनच्या थेंबापेक्षा तो किमान ३ मिलिमीटर मोठा असेल तर ॲलर्जी धरतात. त्याआधी काही दिवस अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जी दाबणारं औषध, बंद ठेवावं लागतं, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत ते असतंच. म्हणून गोळी घेण्याआधी वेष्टनावरचे घटक वाचा आणि केंद्राला कळवा.

दुसऱ्या वेळी माझ्याजवळ डॉक्टरांनी सही केलेला कागद होता, दोन्ही पंपांसमोर तास लिहिलेले. आदल्या दिवशी सकाळी पंप घेतला, संध्याकाळचा घेतला नाही. रात्र जड गेली, पण रिलिव्हर लागला नाही. सकाळी नाश्ता हलका, चहा-कॉफी नाही, कंबरेला घट्ट काही नाही. फेनो, म्हणजे श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड मोजण्याची तपासणी, त्यांनी स्पायरोमेट्रीच्या आधी घेतली. तसंच घ्यावं लागतं, कारण जोरात फुंकल्यावर तो आकडा काही वेळ खाली येतो. क्रम उलटा करत असतील तर बोला.

आधीचा आकडा आला १.८६. चार पफ, पंधरा मिनिटं, २.१४. वाढ २८० मिलिलिटर, १५ टक्के. टेक्निशियनने मान वर करून "झालं, मॅडम" म्हटलं तेव्हा मला रडू आलं. त्यात आनंद होता आणि संतापही, कारण माझी फुफ्फुसं पहिल्या दिवशीही हीच होती.

आणि तरी ऐका. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत हिशोब बदलला आहे. आता वाढ रुग्णाच्या अपेक्षित मूल्याच्या, म्हणजे वय, उंची वगैरेंवरून जेवढा एफईव्ही-१ असायला हवा त्याच्या, १० टक्क्यांहून जास्त हवी. माझं अपेक्षित मूल्य २.९० लिटर, त्यामुळे तेच २८० मिलिलिटर या हिशोबाने १० टक्क्यांच्या जरा आतच राहतात. आमचा प्रोटोकॉल जुन्या निकषावर होता म्हणून मी आत गेले. तुमच्या ट्रायलमध्ये कोणता निकष आहे हे विचारायला संकोच करू नका. आणि कमी पडलात तर तुम्हाला दमा नाही असा त्याचा अर्थ कुणी लावू देऊ नका. एका सकाळची ती मोजणी असते.

पुढचं पटकन सांगते. काही आठवडे फोनवर डायरी, सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो (छोट्या मीटरमध्ये जोराने फुंकून मोजायचा श्वासाचा वेग), लक्षणं, रिलिव्हरचे पफ. डायरीत खंड पडला तर तिथेही गाळतात, म्हणून दात घासायच्या आधी फुंकायची सवय लावली. दमा किती आटोक्यात आहे याच्या प्रश्नावलीत १.५ किंवा त्याहून अधिक गुण लागत होते (जास्त गुण म्हणजे दमा कमी आटोक्यात). प्रश्न मागच्या आठवड्याबद्दलच असतात, तेव्हा त्या आठवड्यात जसं होतं तसंच लिहा. आत जायचं म्हणून वाढवून लिहिलंत तर पुढे औषधाचा गुण आला की नाही हे कुणालाच नीट कळणार नाही. मागच्या वर्षीच्या स्टिरॉइड कोर्सची प्रिस्क्रिप्शनं जपून ठेवा. किमान तीन दिवस गोळ्या घेतल्याचा पुरावा असेल तरच तो अटॅक मोजतात, तुमच्या सांगण्यावर नाही. माझी एक चिठ्ठी सापडता सापडत नव्हती. शेवटी डॉक्टरांच्या नोंदवहीतून नक्कल मिळाली.

आता दर चार आठवड्यांनी इंजेक्शन घेते. औषध आहे की प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं नुसतं इंजेक्शन, हे मला माहीत नाही आणि देणाऱ्या सिस्टरनाही नाही. कोऑर्डिनेटर नवीन आहे आणि ती प्रत्येक भेटीआधी दोन्ही पंपांचे तास मेसेज करते. ट्रायल संपल्यावर मला काय दिलं होतं आणि एकूण निकाल काय आला, हे कळवणार का, असं मी विचारलं. कळवू म्हणाले. तेही लेखी घेतलं आहे.