पोरं रंगवतात, मग सही तुमची कशी?

लातूरला माझा स्टुडिओ आहे, मोठी कॅनव्हास करतो, हाताखाली दोन पोरं आहेत, अन् जो येतो तो दारातूनच म्हणतो, "पोरंच रंगवायलेत की सगळं, तुम्ही नुसतं बघायलाव, मग सही तुमची कशी?" तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगतो.

कॅनव्हास ताणणं, जेसोचे म्हणजे रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचे कोट, कोट वाळला की पॉलिश पेपर, प्रोजेक्टरवरून आउटलाइन, टेप लावून सपाट रंग भरणं, हे सगळं पोरांचं. मे महिन्यात आपल्याकडं ॲक्रेलिक प्लेटमध्येच वाळून जातंय, तर एक जण नुसता पाण्याचा फवारा मारत रंग ओला ठेवतो, बघणाऱ्याला वाटतं टाइमपास चाललाय, पण तो फवारा चुकला की एवढ्या मोठ्या आभाळात मधेच जोड दिसतो अन् काही केलं तरी झाकत नाही. काय काढायचं, कुठला रंग नको, कधी थांबायचं, हे मी ठरवतो. सही त्या ठरवण्याची आहे.

आमच्या लातूरच्या बाजारात, गंजगोलाईकडं, पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगायचे तेव्हा आउटलाइन उस्तादाची, अक्षरं भरायला पोरगं, कोपऱ्यात नाव उस्तादाचं, कोणी काही विचारायचं नाही. बाहेरही तेच. डेमियन हर्स्ट या इंग्लंडच्या कलाकाराची ठिपक्यांची चित्रं हजाराच्या वर आहेत, त्यातली मोजकीच त्यानं स्वतः रंगवली, अन् सगळ्यात भारी ठिपके त्याच्या मदतनीस रॅचेल हॉवर्डचे हेही त्यानंच सांगून टाकलंय. आय वेवेई या चिनी कलाकारानं 2010 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात चिनी मातीच्या 10 कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या, त्या चीनमधल्या चिंगदेचन गावच्या 1,600 कारागिरांनी हातानं केलेल्या. एकट्या माणसानं किती जन्म घ्यायचे?

मला पटतो तो अमेरिकेचा कलाकार सोल लेविट. हा भिंतीवरच्या चित्रांच्या सूचना लिहून द्यायचा अन् काढायचे दुसरेच, 2007 ला वारला तरी त्याची चित्रं अजून नव्या भिंतींवर निघतात. अन् चित्र पहिल्यांदा कोणी काढलं त्यांची नावं नोंदवलेली असतात बरं का!

माझं भांडण आहे ते इथंच. हात दुसऱ्याचे असले तर बिघडत नाही, ते लपवणं मला चालत नाही. अजिंठ्याला जा, 16 नंबरच्या लेण्यात खर्च करणाऱ्या वराहदेवाचं नाव कोरलेलं सापडतं, वाकाटकांचा मंत्री होता तो, पण ज्यांनी आत भिंती रंगवल्या त्यातल्या एकाचंही नाव नाही. म्हणून मी कॅनव्हासच्या मागं पोरांची नावं मार्करनं लिहितो, कोणी काय केलं तेही. एक गिऱ्हाईक म्हणालं किंमत पडेल हो यानं, ती नावं पुसा. म्हणलं राहू द्या, दुसरं कोणीतरी घेईल.

अन् हो, नाव लिहिलं म्हणजे पगार कमी चालतो असं काही नाही, ते "शिकायला मिळतंय की" म्हणून फुकट राबवणारे स्टुडिओ मी बघितलेत. माझ्याकडं महिन्याचा पगार ठरलेला आहे, चित्र विकलं काय अन् नाही काय.