डुकराचा मान

आमच्या सांगली-मिरज भागात डुकराचे नाव निघते ते शिवी देताना, नाहीतर रानडुकरांनी रातोरात ऊस लोळवला अशी तक्रार करताना. त्यामुळे चिनी पंचांगातील बारा प्राण्यांच्या चक्रात एक अख्खे वर्ष डुकराचे असते आणि त्या वर्षी जन्मलेले मूल नशीबवान मानले जाते, याचे मला फार कुतूहल वाटले. असे मागचे वर्ष ५ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाले; पुढचे २०३१ मध्ये येईल. चक्रात डुक्कर बारावे, कारण लोककथेप्रमाणे ते वाटेत पोटभर खाऊन झोपले आणि सर्वांत शेवटी पोहोचले.

ज्याच्या खादाडपणाला हसायचे त्यालाच समृद्धीचे चिन्ह मानायचे, हा विरोध शेतकऱ्याच्या अंगणात उभे राहिले की उरत नाही. खरकटे आणि कोंडा खाऊन डुक्कर वाढे, त्याचे खत शेतात जाई आणि वर्षअखेरीस ते मांस किंवा पैसा होऊन हाती येई. हान राजवटीच्या (इ. स. पू. २०६ ते इ. स. २२०) थडग्यांत डुकरांच्या खुराड्यांच्या भाजक्या मातीच्या प्रतिकृती सापडतात, काहींत तर वर शौचकूप आणि खाली खुराडे अशी काटकसरी रचना दिसते. मृताच्या मुठीत जेड दगडाचे छोटे डुक्करही ठेवत, म्हणजे परलोकात तो रिकाम्या हाताने जाऊ नये.

उत्तर चीनच्या खेड्यांत चांद्रवर्षाच्या शेवटच्या महिन्यात पोसलेले डुक्कर कापून आप्तांना जेवू घालण्याची रीत आहे, आणि खिडकीवर चिकटवायच्या लाल कागदी नक्षीत धन पाठीवर घेऊन दारात आलेले गलेलठ्ठ डुक्कर असते. दक्षिणेत, ग्वांगडोंगकडे, छिंगमिंग या पितरांच्या सणाला पूर्वजांच्या थडग्यापुढे अख्खे भाजलेले डुक्कर ठेवून नंतर ते भावकीत वाटतात. बेंदराला आपण बैलाची शिंगे रंगवून त्याला पुरणपोळी भरवतो, ती त्याच्या कष्टांची जाण म्हणून. डुकराला मात्र मान मिळतो तो ते ताटात येणार म्हणूनच, आणि चिनी परंपरेने हे कधी लपवलेले नाही.

सोळाव्या शतकातील ‘पश्चिमेची यात्रा’ या कादंबरीतला झू बाज्ये हा या सगळ्याचा मानवी अवतार म्हणावा लागेल. स्वर्गातला हा सेनापती दारूच्या नशेत चंद्रदेवतेशी गैरवर्तन करतो, शिक्षा म्हणून डुकराच्या रूपात पृथ्वीवर जन्मतो आणि बौद्ध ग्रंथ आणायला भारताकडे निघालेल्या भिक्षूचा शिष्य होतो. अखेरीस त्याला काम मिळते ते वेदीवरचा नैवेद्य फस्त करण्याचे! (त्या भिक्षूमागचा खरा माणूस, ह्युएनत्संग, सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला, तेव्हा इथे दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते आणि चालुक्यांचे राजचिन्ह होते वराह.)

तैवानमधील हाक्का समाजाच्या यीमिन उत्सवात या मानाचे टोक गाठले जाते. शिंचू परगण्यातील शिनपू येथे चांद्र सातव्या महिन्यात ‘देवाची डुकरे’ वजनाच्या चढाओढीत उतरतात. काही सातशे किलोंच्याही पुढे जातात आणि बळीनंतर त्यांची कातडी भव्य सांगाड्यावर ताणून, तोंडात अननस देऊन मिरवतात. जनावराला हलताही येऊ नये इतके चारणे मला क्रूर वाटते, आणि तिथल्या प्राणिमित्रांनीही यावर कडाडून टीका केली आहे. म्हणून आता काही कुटुंबे तांदळाच्या पोत्यांपासून रचलेले डुक्कर देवापुढे ठेवतात.