पाय उचलल्यावर

माझ्या पिकअपच्या डॅशबोर्डवर इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नाही. तीस वर्षांपूर्वी ओझी वाहण्यासाठी घडवलेल्या गाडीच्या चालकाला वेग, पेट्रोल आणि तापमान एवढे कळले म्हणजे पुरे, असा तिच्या कर्त्यांचा हिशेब असावा. त्यामुळे उभ्या गाडीचे इंजिन कसे चालले आहे, हे मी आतल्या आरशावरून ठरवतो. मागच्या वाहनाचे दोन दिवे आरशात दोनच दिसले तर सारे ठीक आहे असे समजायचे, आणि दोनाचे चार होऊन थरथरू लागले तर टोपण उघडायची वेळ आली आहे असे समजायचे. गेल्या काही महिन्यांत मला कोणत्याच वाहनाचे दिवे दोन दिसलेले नव्हते.

धावताना तिची काहीही तक्रार नव्हती. चढ असो, ओझे असो, ती निमूटपणे ओढत असे. मात्र ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून न्यूट्रल केले की फेरे झपकन खाली येत, इंजिन आचके देई, मग दचकून जागे व्हावे तसे उसळे आणि पुन्हा खाली जाई. तीन-चार वेळा असे हिंदकळल्यावर कधी सावरे, तर कधी बंद पडे. त्यातही सकाळी गार असताना ती अगदी गुणी असे. हा खेळ सुरू व्हायचा तो वीस मिनिटे चालून इंजिन तापल्यावर.

पळणारे इंजिन धडधाकट आणि थांबलेले मात्र आजारी, हे वरवर उलटे वाटते. वास्तविक रिकामे चालणे, म्हणजे आयडलिंग, हेच इंजिनाचे सर्वांत नाजूक काम आहे. त्या वेळी इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते, आणि इंजिन मिनिटाला सहाशे ते नऊशे फेऱ्यांच्या दरम्यान, स्वतःचे घर्षण भागेल एवढ्याच हवेवर जगत असते. पेट्रोल पुरते जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण राखण्यासाठी आत येणारी हवा मोजणारा सेन्सर झडपेच्या अलीकडे बसवलेला असतो. झडपेच्या पलीकडे, जिथे पिस्टनच्या ओढीने मोठा व्हॅक्यूम तयार झालेला असतो, तिथे एखादी भेग असेल तर तिच्यातून न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण विरळ होते. धावताना झडप बरीच उघडी असते, व्हॅक्यूम उतरलेला असतो आणि हवेचा लोंढा एवढा मोठा असतो की त्यात ही चोरटी हवा कुठल्या कुठे विरून जाते.

हे सारे मला ठाऊक होते, तरीही मी प्रथम स्क्रूच फिरवला. थ्रॉटलची झडप कुठवर मिटावी हे ठरवणारा एक लहानसा स्क्रू असतो. कारखान्यात तो बसवून त्यावर रंगाचा ठिपका दिलेला असतो, आणि त्या ठिपक्याचा अर्थ ‘हात लावू नये’ असाच असतो. हवा आणि पेट्रोल मिसळायला कंप्युटरऐवजी कार्बोरेटर असलेल्या जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसाला मात्र असा स्क्रू दिसला की राहवत नाही, कारण त्या गाड्यांत स्लो, म्हणजे आयडलिंगचे फेरे, सेट करणे म्हणजे पेचकसाचे दोन हलके वेढे असत. मी ठिपका खरवडला, अर्धा वेढा दिला आणि इंजिन शांत झाले. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

चार दिवसांत त्या शहाणपणाची फळे दिसू लागली. पाय उचलला तरी गाडी हळू होईना. कोणी मागून ढकलत असल्यासारखी ती पुढे सरके. झडप पुरती मिटतच नसल्यामुळे थ्रॉटलचा सेन्सर ‘पाय अजून पेडलवर आहे’ असे कळवत होता, आणि आयडलिंग सांभाळणारा कंप्युटर त्यावर विश्वास ठेवून हात बांधून बसला होता. रोग जागच्या जागी राहिला होता आणि मी फक्त त्याचा आवाज दाबला होता. स्क्रू पूर्वीच्या खुणेवर आणला, तेव्हा आचके परत आले आणि मला चक्क हायसे वाटले.

मग रीतसर तपासणी सुरू झाली. ठिणगी पाडणारे प्लग काढून पाहिले, तर त्यांची टोके पांढरट होती, म्हणजे मिश्रण विरळ होते. झडपेला वळसा घालून इंजिनाला लागेल तेवढी हवा देणारा आयडलिंगचा व्हॉल्व्ह काजळीने बरबटला होता. तो धुतला, पण फरक नाही. एकेका प्लगची वायर काढून पाहिली, तर दर वेळी इंजिन सारखेच गळाठले. म्हणजे चारही सिलिंडर आपापला वाटा उचलत होते. मिनिटाला साडेसातशे फेरे धरले तर चार सिलिंडर मिळून सेकंदाला पंचवीस ठोके देतात. त्यांतला एकच सिलिंडर रुसला असता तर सेकंदाला सहा झटके ठरल्या तालात बसले असते. माझ्या गाडीच्या आचक्यांना ताल नव्हता.

झडपेपलीकडचा व्हॅक्यूम मोजणारे व्हॅक्यूम गेज हे उपकरण मला इतर सगळ्यांपेक्षा अधिक सच्चे वाटते. निरोगी इंजिनात त्याचा काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. माझा काटा चौदाच्या आसपास झोके घेत होता. गळती नक्की होती. मी प्रत्येक रबरी नळी पकडीत दाबून इंजिनाचा आवाज बदलतो का ते पाहिले. एकाही नळीने दाद दिली नाही आणि मी सगळ्या नळ्यांना निर्दोष ठरवले. हा निकाल पार चुकीचा होता, कारण नळी दाबल्याने दाबलेल्या जागेच्या पलीकडची, इंजिनाला लागून असलेली भेग बंद होत नाही, आणि मला हवी होती ती भेग नेमकी तिथेच होती.

गळती हुडकण्यासाठी पुष्कळ जण कार्बोरेटर क्लीनर फवारतात. तापलेल्या एक्झॉस्टवर ज्वालाग्राही द्रव उडवायचे धैर्य माझ्यात नाही, म्हणून मी साध्या पाण्याची फवारणी घेतली आणि दुसऱ्या हातातल्या लांब नळीचे टोक कानाला लावून, डॉक्टरांनी छाती तपासावी तसा इंजिनाचा कानाकोपरा ऐकत गेलो. सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या मागच्या अंगाला, हात जेमतेम पोहोचेल अशा जागी, बारीक सूऽऽ ऐकू आले. तिथे पाणी पडताच क्षणभर फेरे स्थिरावले.

इंजिनाच्या खालच्या पेटीतली, म्हणजे क्रँककेसमधली, वाफ पुन्हा इंजिनात ओढून नेणाऱ्या पीसीव्ही नळीचा तो शेवटचा, काटकोनात वळलेला तुकडा होता. वर्षानुवर्षे तेलाची वाफ पिऊन रबर फुगून मऊ झाले होते, आणि वळणाच्या खालच्या बाजूला नखभर चीर पडली होती. सकाळचे गुणीपणही मग उलगडले: गार इंजिनाला कंप्युटर पेट्रोल सढळ हाताने देतो आणि फेरेही चढे ठेवतो, त्यामुळे चोरटी हवा खपून जाते, शिवाय गार रबर ताठ असते. तापल्यावर ते लुळे पडते, व्हॅक्यूमच्या ओढीने चिरेचे ओठ विलग होतात, आणि नेमके त्याच वेळी कंप्युटरही पेट्रोल मोजून देऊ लागतो.

नवा तुकडा बसवायला दहा मिनिटे लागली. जुना काढायला मात्र दीड तास गेला आणि दोन बोटांची सालटी निघाली. गेजचा काटा १८ इंचांवर जाऊन थबकला. खरवडलेल्या स्क्रूवर मी रंगाचा नवा ठिपका दिला आहे. तो जरा फराटल्यासारखा दिसतो.

आरशात आता दिव्यांचे चार होत नाहीत, पण कडा अजून किंचित पुसट दिसतात. फेरे स्थिर असूनही थरथर केबिनमध्ये पोहोचत असेल तर संशय इंजिन ज्यावर टेकलेले असते त्या माउंटिंगच्या रबरावर घ्यावा लागतो, आणि तेही गाडीइतकेच जुने आहे. येत्या रविवारी जॅक लावून ते पाहायचे आहे.